चिपळूणची ट्रंक: पुरात भिजलेल्या फोटोंची स्मरणवही होईपर्यंत

26 जुलै 2005 ला चिपळुणात पाणी कुठवर चढलं होतं, त्याची खूण आत्याच्या घरात जिन्याजवळच्या भिंतीवर खिळ्याने ओढलेली आहे. काकांनीच, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, ओढली होती. त्या खुणेच्या हातभर वर त्यांनी एक जाड फळी ठोकून घेतली आणि घरातले फोटो, पत्रं, लग्नाच्या याद्या, आजीची वही असं सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत भरून ती फळीवर ठेवली. पुन्हा पूर आलाच तरी इथवर पाणी येणार नाही, असा हिशेब होता. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी त्या खुणेच्या वर गेलं, फळीच्याही वर गेलं. आत्या, दादा आणि वहिनी माडीवर होते म्हणून माणसं वाचली. ट्रंक खाली राहिली.

मी पुण्यात बारा वर्षं पुस्तकबांधणीचं आणि कुटुंबांच्या स्मरणवह्या करून देण्याचं काम करते. 2019 ला सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हापासून दर पावसाळ्यात मला एकच प्रश्न येतो: फोटो भिजलेत, काय करू? फोनवर दोन वाक्यांत याचं उत्तर देता येत नाही. म्हणून हे एक प्रकरण, आमच्याच घरातलं, पहिल्यापासून आतापर्यंत, जे चुकलं त्यासकट मांडते आहे.

ट्रंकेत काय होतं

नंतर मोजले तेव्हा 386 फोटो निघाले. सगळ्यात जुने पन्नाशीच्या दशकातले, दातेरी कडांचे, तळहाताएवढे. स्टुडिओत पडद्यापुढे काढलेले, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले अकरा. काकांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याचे सहा सेंटिमीटर चौरस फोटो जवळजवळ शंभर. त्या कॅमेऱ्यात एका रिळावर बाराच फोटो निघत, त्यामुळे एकही फोटो उगाच काढलेला नाही, हे बघताना जाणवतं. मग 1980 नंतरचे रंगीत फोटो, चिकट रेघांच्या पानांवर दाबून वरून प्लास्टिक ओढायच्या त्या अल्बममध्ये. नव्वदेक पत्रं, त्यात पोस्टकार्डं आणि निळी अंतर्देशीय. कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेल्या लग्नपत्रिका. मोडीतले दोन कागद. आजीची वही, जिच्यात एका बाजूने लोणच्यांची प्रमाणं आणि वही उलटी केली की भोंडल्याची गाणी.

काका पोफळीला कोयनेच्या वीजघरात नोकरीला होते. लग्नानंतरची पहिली काही वर्षं आत्या कधी पोफळीला, कधी चिपळूणला, कधी माहेरी, त्यामुळे पत्रांना तोटा नव्हता.

पहिले सहा दिवस

पाणी उतरल्यावर वहिनींनी ट्रंक उघडली आणि अगदी वरचा फोटो, आत्याच्या लग्नातला, ओल्या फडक्याने पुसला. चिखल निघाला आणि त्याच्याबरोबर चेहराही निघून आला. फडक्यावर करडा, बुळबुळीत थर. वहिनींनी झाकण लावलं आणि मला फोन केला.

यात वहिनींची चूक नाही. कुणीही असंच करील. फोटोवरचं चित्र कागदात नसतं, कागदावरच्या जिलेटिनच्या पातळ थरात असतं. हा थर पाण्यात फुगून मऊ होतो, दुधावरच्या सायीसारखा. ओला असेपर्यंत त्याला कापूस, फडकं, बोट, काहीही लागता कामा नये. दुसरी गोष्ट, हाच थर वाळताना ज्याला टेकलेला असेल त्याला कायमचा धरतो, मग तो दुसरा फोटो असो, काच असो की वर्तमानपत्र. म्हणून भिजलेले फोटो गठ्ठ्यातच वाळू देणं हे त्यांना भिजू देण्यापेक्षा वाईट.

मी वहिनींना सांगितलं, गढूळ पाणी अलगद ओतून टाका, पण काही वेगळं करू नका, वाळवूही नका. झाकण लावून सावलीत ठेवा. ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते हे मला माहीत होतं, पण तेव्हा चिपळुणात वीज नव्हती, प्यायच्या पाण्याची मारामार होती, फ्रीज स्वतःच चिखलात पडला होता. रस्ते मोकळे होऊन मी पोचले तो सहावा दिवस होता. येताना बर्फ घेतला होता. शेजारच्या मासळीवाल्या काकूंकडे थर्माकोलच्या पेट्या होत्या, मासेमारी बंदीमुळे रिकाम्याच पडलेल्या. त्या त्यांनी धुऊन दिल्या. थंडीत बुरशी फार हळू वाढते, एवढ्यासाठी हा खटाटोप.

ओटीवर तीन पराती मांडल्या. टँकरचं पाणी, त्यात बर्फाचा खडा. हातात रबरी मोजे, तोंडाला मास्क, कारण पुराच्या चिखलात गटार आणि डिझेल दोन्ही होतं. एकीने फोटो कडेला धरून पहिल्या परातीत हलकेच हलवायचा, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. घासायचं नाही. पाणी गढूळ झालं की ओतून नवं. सुटे फोटो मच्छरदाणीवर चित्र वर करून पसरले. मच्छरदाणी दोन खाटांना ताणून बांधली होती, म्हणजे खालूनही हवा लागते. ऊन नव्हतंच, पण असतं तरी दिलं नसतं. उन्हात फोटो गुंडाळी होतो आणि थराला तडे जातात.

आधी कशाला हात घालायचा, याचा क्रम मी ठरवून ठेवला होता. रंगीत फोटो सगळ्यात नाजूक, म्हणून ते पहिले. मग कृष्णधवल. पत्रं त्यानंतर. आजीची वही आणि पत्रिका बर्फात थांबू शकत होत्या. ज्या गठ्ठ्यांना त्या दिवशी वेळ नव्हता त्यांच्यामध्ये जिथे सहज फट होती तिथे बटर पेपर सरकवला, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं आणि पेटीत. पुण्याला आल्यावर ते थेट घरच्या फ्रीजरमध्ये गेले. गोठवल्यावर घाई संपते. एकेक पिशवी काढायची, थंड पाण्यात सोडायची आणि वाट बघायची. काचेच्या निगेटिव्ह मात्र कुणी गोठवू नयेत. आमच्याकडे त्या नव्हत्या.

काकांच्या कॅमेऱ्यातल्या कृष्णधवल फोटोंचा एक चौदाचा गठ्ठा सुटायला चार तास लागले. गठ्ठा पाण्यात ठेवला की आधी कडा फुलतात. कोपऱ्यातून पाणी आत शिरताना एक बारीक चकचकीत रेघ पुढे सरकताना दिसते. ती रेघ समोरच्या कडेला पोचली की वरचा फोटो आपसूक तरंगायला लागतो. तोवर बोट लावायचं नाही. मी एकदा लावलं. दुसऱ्या रात्री, दमले होते, रेघ अर्ध्यावर होती आणि मी कोपरा उचलला. तो माझ्या वडिलांचा लहानपणचा एकमेव फोटो होता, मुंजीतला. खांद्यापासून कंबरेपर्यंत अंगठ्याएवढी पट्टी खालच्या फोटोच्या पाठीला चिकटून गेली. ती तिथे उलटी दिसते अजून.

रंगीत फोटोंचे हाल सर्वांत जास्त झाले. त्यांत रंगाचे तीन थर एकावर एक असतात आणि सगळ्यात खाली पिवळा. वरचे थर विरघळले की मागे पिवळी-तांबूस लाट उरते आणि शेवटी कोरा पांढरा कागद. त्यातून ते चिकट अल्बममध्ये. प्लास्टिकने पाणी धरून ठेवलं आणि जुन्या गोंदाने फोटोची पाठ. काही मी दातांत फिरवायच्या बारीक धाग्याने पाठीमागून करवतीसारखे सोडवले, बाकीचे पानासकट कापून घेतले. तुमच्या घरी असे अल्बम असतील आणि ते कोरडे असतील, तर हे वाचून झाल्यावर आधी त्यांतले फोटो मोकळे करा. पूर यायची गरज नाही, तो गोंद आणि ते प्लास्टिक आपलं काम रोज करतंच आहे.

पत्रांच्या बाबतीत शाईने निकाल ठरवला. बॉलपेनची शाई तेलकट असल्याने जवळजवळ तशीच राहिली. फाउंटन पेनची रॉयल ब्ल्यू धुऊन गेली, पानभर फिकट आभाळ. निळी-काळी शाई टिकली. मोडी कागद काजळाच्या शाईचे. काजळ उडत नाही, पण ते डिंकात कालवलेलं असतं आणि ओलं असताना पुसतं, म्हणून ते कागद धुतलेच नाहीत, टीपकागदावर नुसते पसरले. पत्रिकांवरची हळद शेजारच्या तीन फोटोंच्या पाठीवर उतरली आहे. ते डाग काढायचा प्रयत्नही केला नाही.

गावातलं 1864 पासूनचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरही त्या पुरात बुडालं होतं. कागद वाळवणारे आम्ही एकटे नव्हतो. घरोघरी दोऱ्यांवर सातबारे आणि मार्कशिटा टांगलेल्या होत्या.

लॅमिनेशन केलेलं पत्र

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा काका पोफळीला होते आणि आत्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी. भूकंपानंतर काकांनी पाठवलेलं अंतर्देशीय आत्याला कित्येक दिवसांनी मिळालं. घरातला हा सगळ्यात मोलाचा कागद. तो झिजू नये म्हणून दहा-बारा वर्षांपूर्वी घरातल्या कुणीतरी प्रेमाने एका झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून आणला होता.

पुरात एका कडेने त्या प्लास्टिकमध्ये पाणी शिरलं. बाकी पत्रं दोन दिवसांत वाळली, हे वाळूच शकलं नाही. आत पाणी, बाहेर जायला वाट नाही. मी हातात घेतलं तेव्हा मधोमध बुरशीचं राखी रंगाचं फूल पसरलं होतं. लॅमिनेशनमध्ये गरम प्लास्टिक कागदाच्या तंतूंत वितळून बसतं. ते सोलायला गेलं तर अक्षरं प्लास्टिकबरोबर येतात. मी पुण्यात दोन जाणकारांना दाखवलं, दोघांनीही हात लावू नका म्हणून सांगितलं.

मग जे शक्य होतं ते केलं. पाणी शिरलेल्या कडेला, जिथे कागद नाही अशा जागी, एक बारीक चीर दिली, टीपकागद लावून ओल ओढून घेतली आणि पत्र महिनाभर ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांच्या डब्यात ठेवलं. बुरशी थांबली. स्कॅनरवर प्लास्टिकची चमक येते, म्हणून दोन दिवे दोन्ही बाजूंनी तिरपे लावून कॅमेऱ्याने फोटो काढले, उजेडाची दिशा बदलून नऊ. पत्र बॉलपेनने लिहिलेलं होतं आणि काका दाबून लिहीत. तिरप्या उजेडात बुरशीखालचे काही शब्द रेघेच्या खोलीवरून लागले. दोन ओळी मात्र लागल्या नाहीत.

त्या आत्याने सांगितल्या. पाठ होत्या तिला.

म्हणून मी कळकळीने सांगते, जन्माचा दाखला असो, आजोबांचं पत्र असो, लॅमिनेट करू नका. जपायचंच तर तिन्ही बाजू बंद आणि एक उघडी अशी पॉलिएस्टरची पारदर्शक पिशवी पुरते. कागद आत सरकवायचा, हवा तेव्हा बाहेर काढायचा. प्लास्टिक बरं की वाईट हे नाकाने कळतं. नव्या रेनकोटसारखा वास आला तर ते पीव्हीसी, फोटोजवळ नको.

आत्याला विचारताना

फोटो वाळले, स्कॅन झाले. छोटे 1200 डीपीआयवर (म्हणजे इंचाला 1200 ठिपके), मोठे 600 वर, तीन ठिकाणी प्रती ठेवल्या, त्यांतली एक अमेरिकेतल्या भावाकडे. हे काम यंत्राचं, ते होतं. अवघड होतं ते पुढचं. फोटोंच्या पाठीमागे जवळजवळ काहीच लिहिलेलं नव्हतं. त्या काळी लिहायची गरज नव्हती, सगळे एकमेकांना ओळखत होते. 2021 मध्ये ओळखणारी एक आत्याच उरली होती, अठ्ठ्याहत्तर वर्षांची.

पहिल्या दिवशी मी चुकीचं विचारत होते. हा कोण, ही कोण, साल कोणतं. आत्या दहा फोटोंत कंटाळली, आणि नाव आठवलं नाही की तिला वाईट वाटायचं. दुसऱ्या दिवशी मी नावं सोडली. फोटोत एक दार होतं, ते कुठे उघडायचं हे विचारलं. त्यावर वीस मिनिटं गेली, कारण त्या दारामागे बाळंतिणीची खोली होती. लग्नाचा एक फोटो दाखवला, तर ती म्हणाली, "अगो, ही साडी माझी नव्हेच. जाऊबाईंची. माझी कुणीतरी गडबडीत हंड्याखाली ठेवलीन, ती भिजली." हे तिने साठ वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून माझे प्रश्न ठरले. फोटो कोणी काढला आणि तो काढणारा कुठे उभा होता? चौकटीच्या बाहेर, डावीकडे, काय होतं? त्या दिवशी जेवायला काय होतं? अंगावरचं कुणाचं, उसनं की आपलं? नावं या उत्तरांतून आपोआप येतात. एका बैठकीला पाऊण तासापेक्षा जास्त नाही, फोन उशीजवळ ठेवून ध्वनिमुद्रण, आणि त्याच रात्री मी ते तिच्याच शब्दांत उतरवून काढायचे. तिचं "ठेवलीन" मी "ठेवली" करून लिहिलं नाही. प्रमाण भाषेत आणलं असतं तर वहीत आत्या राहिली नसती.

मूळ फोटोंच्या पाठीवर मऊ 4बी पेन्सिलीने, अगदी कडेला, न दाबता एक क्रमांक घातला. बॉलपेन तिथे कधीच नको, दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई वर्षानुवर्षं झिरपते. रंगीत फोटोंची पाठ गुळगुळीत असते, तिच्यावर पेन्सिल टिकत नाही, म्हणून त्यांचा क्रमांक पाकिटावर.

वही बांधताना

आमच्या घरात इथे वाद झाला. अमेरिकेतल्या भावाचं म्हणणं, सगळं डिजिटल आहे, वही कशाला? आणि असेल तर पुसलेले चेहरे हल्ली सॉफ्टवेअर भरून देतं, तसे भरून घेऊ. पहिल्या मुद्द्यावर आत्यानेच उत्तर दिलं, तिला मांडीवर घेऊन बघायचं होतं. दुसऱ्या मुद्द्यावर मी हटून बसले. डाग फिके करणं, उडालेला रंग प्रतीवर थोडा वर आणणं, इथवर ठीक आहे. पण पुसून गेलेल्या चेहऱ्याच्या जागी यंत्राने रचलेला चेहरा हा आजीचा नसतो, कुणाचाच नसतो, आणि पन्नास वर्षांनी पोरं त्यालाच आजी समजतील. भावाने ऐकलं.

वहीत मूळ फोटो एकही नाही. चिकटवायच्या, हाताळायच्या, पोरांच्या हातात द्यायच्या त्या प्रती. मुळं वेगळ्या पाकिटांत. प्रती साध्या घरगुती प्रिंटरवर काढल्या नाहीत, त्या शाईवर पाण्याचा थेंब पडला तरी ती पसरते. रंगद्रव्याच्या शाईवर, मॅट कागदावर काढल्या.

पानांसाठी सुती हातकागद घेतला, 200 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 200 ग्रॅम. पुण्यात शिवाजीनगरला 1940 पासून हातकागद संस्था आहे, तिथला कागद मी सुरुवातीपासून वापरते. सुती चिंध्यांच्या लगद्यात लाकडातलं लिग्निन नसतं. वर्तमानपत्र पिवळं पडतं आणि चुरा होतं ते त्या लिग्निनमुळे. फक्त रंगीत हातकागद घेतला तर आधी कोपरा भिजवून पांढऱ्या टीपकागदावर दाबून बघायचा. किरमिजी कागदाने रंग सोडला, म्हणून मी सगळी पानं कच्च्या पांढऱ्याचीच ठेवली. फुलं दाबलेला, चमकी घातलेला कागद सुंदर दिसतो, पण त्या फुलांतलं आम्ल शेजारच्या चित्राला लागतं.

चिकटवायला खळ. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवायची आणि मलमलीतून गाळायची. दोन दिवस फ्रीजमध्ये टिकते. जुने बांधणीकार कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालत. मी घालत नाही, तांब्याने कागद ठिसूळ होतो. खळीचा गुण असा की उद्या काही बदलायचं झालं तर ओल्या कापसाने सुटते. पांढरा फेव्हिकॉल सुटत नाही, आणि सेलोटेप तर काही वर्षांत तपकिरी होऊन डाग मागे ठेवतो. सेलोटेप या कामाच्या टेबलावर ठेवूच नका.

फोटोंच्या प्रतीही थेट चिकटवल्या नाहीत, कोनांत बसवल्या. कोन विकत मिळतात, पण घरी करणं सोपं. दोन इंच लांब, एक इंच उंच पट्टी घ्या. वरच्या लांब कडेच्या मध्यावर नख ठेवा. तिथून उजवी बाजू खाली दुमडा, तिची कड मधल्या रेषेवर यायला हवी. मग डावी. त्रिकोणाचा खिसा झाला. घडीची बाजू पानाकडे, तिच्यावर खळीचा एक ठिपका, आणि फोटोचा कोपरा आत. वहिनी दुपारी टीव्हीसमोर बसून हे कोन करत. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा हात इतका बसला की न बघता घड्या पडायच्या. सहाशेच्या वर कोन त्यांनी केले. पहिल्या फोटोचं त्यांच्या मनाला फार लागलं होतं, त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

पत्रांसाठी पानाचा खालचा तिसरा हिस्सा वर दुमडून खिसे केले, म्हणजे पत्राची प्रत काढून वाचता येते. फोटो आणि खिशांमुळे वही पोटाकडे फुगते, हा घरी केलेल्या प्रत्येक वहीचा दोष. त्यासाठी शिवणीत दर दोन पानांमध्ये बोटभर रुंद पट्टी घालायची. शिवण जितकी जाड, तितकी पानांना जागा. दोऱ्याला मेण लावलं, भोकं दाभणाने आधी पाडून घेतली. वेष्टणाला आत्याच्या जुन्या हिरव्या नऊवारीचा जरीकडचा तुकडा, मागून पातळ कागद चिकटवून. आधी तो तीनदा पाण्यातून काढला, हिरवा रंग सुटेनासा होईपर्यंत.

जे फोटो उरले नाहीत

386 पैकी 203 चांगले वाचले, 96 अर्धेमुर्धे, 73 गेले. दुसरे चौदा अजून गठ्ठ्यात आहेत. गेलेल्यांपैकी एकवीस परत मिळाले आणि ते ज्या वाटेने मिळाले ती वाट प्रत्येकाने करून बघावी अशी आहे. लग्नामुंजीच्या फोटोंच्या प्रती त्या काळी नातेवाइकांना पाठवायची पद्धत होती. आम्ही घराण्याच्या व्हॉट्सॅपवर हरवलेल्या फोटोंचं वर्णन टाकलं, आणि बेळगाव, दादर, इंदूर इथल्या कपाटांतून तेच फोटो निघाले. वहिनींच्या हातून पुसला गेलेला चेहराही बेळगावहून आला. तिथल्या फोटोच्या पाठीवर काकांच्या अक्षरात तारीखसुद्धा होती.

उरलेल्या बावन्न फोटोंचं काय करायचं, यावर मी बरेच दिवस अडले. पानं गाळली तर वही नीटनेटकी दिसली असती. शेवटी आत्याला विचारलं, कोणते आठवतात? तिला सतरा आठवत होते, अगदी बारकाव्यांसह. त्या सतरांसाठी वहीत जागा सोडली. फोटोच्या मापाचे चार कोन चिकटवले, मध्ये कोरा कागद, आणि त्या कोऱ्या चौकटीत आत्याने सांगितलेलं, पेन्सिलीने, तिच्या हातचं. एकात तिने पहिल्यांदा लिहिलं होतं की काका सायकल धरून उभे आहेत, सायकल शेजाऱ्यांची, मागे आमचा फणस, तेव्हा तो खांद्याएवढाच होता. एकात तिने फक्त कोण कुठे उभं होतं ते रेघांनी काढलं आहे आणि एका गोल चेहऱ्याखाली लिहिलंय, "ही रागावली आहे."

वडिलांच्या मुंजीतल्या फोटोची प्रत मी वहीत तशीच ठेवली, पट्टी गेलेली. भूकंपाच्या पत्राची प्रत खिशात आहे, न लागलेल्या दोन ओळी आत्याच्या अक्षरात खाली जोडलेल्या.

आता कुठे

मूळ फोटो आम्लरहित पाकिटांत, पाकिटं पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवी, खोकं माडीवरच्या लोखंडी कपाटात मधल्या कप्प्यात. कौलांखाली माळ्यावर उन्हाळ्यात भाजून निघतं, तिथे नको. कोकणची हवा दमट, म्हणून कपाटात त्याच सिलिका जेलच्या दाण्यांची पुडी, जी रंग बदलली की तव्यावर मंद भाजून परत वापरता येते. डांबरगोळ्या ठेवल्या नाहीत, त्यांची वाफ फोटोंना चांगली नाही. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी, तीही खोक्याच्या बाहेर.

वर्षातून एकदा सगळं उघडून वारा द्यायचा आणि बुरशी, कसर बघायची, यासाठी आम्ही दसरा धरला आहे. पावसाळा सरलेला असतो आणि सरस्वतीपूजनाला घरात वह्या-पुस्तकं पाटावर मांडतातच. 2022 च्या दसऱ्याला ही वही पहिल्यांदा पाटावर आली, तेव्हा ती अर्धीच बांधून झाली होती. त्या दिवशी आत्याने एका कोऱ्या चौकटीतला मजकूर खोडरबराने पुसला आणि नव्याने लिहिला. म्हणाली, सायकल शेजाऱ्यांची नव्हती, पोस्टमनची होती, आत्ता आठवलं. पेन्सिलच वापरायची हा माझा हट्ट तेव्हा कामाला आला.

ते चौदा न सुटलेले फोटो पुण्यात माझ्या फ्रीजरमध्ये आहेत, खवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी, दोन पिशव्यांत. आत्या फोनवर अधूनमधून विचारते, "सुटले का गो?" वरच्या फोटोची एक कड दिसते. त्यात एक लाकडी पायरी आहे आणि तिच्यावर कुणाचे तरी दोन अनवाणी पाय.